नवसाविना देव

दारू पिणारा माणूस ज्या घरात असतो, त्या घरातला देव्हारा वर्षागणिक भरत जातो. लालबागच्या आमच्या खोलीत पूर्वी कुलदैवताचे टाक, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण एवढेच देव होते. माझ्या भावाचं, दादाचं, पिणं वाढत गेलं तसतसे नवे देव येत गेले. कुणी सांगितलं अमक्या गावचा दत्त जागृत आहे, तिथली तसबीर आली. मजल्यावरच्या एका बाईंच्या भावाची सुटली होती, म्हणून त्यांच्या बाबांचा अंगारा आला. आईने सोळा सोमवार केले. माहीमच्या चर्चमध्ये नऊ बुधवार मेणबत्ती लावली. त्या रांगेत तिच्यासारख्या कुंकू लावलेल्या कितीतरी बायका असत. नवव्या बुधवारी रात्री दादाला दोघांनी धरून जिन्यावरून वर आणलं. आईने देवाला दोष दिला नाही. आपल्याच व्रतात काहीतरी उणं राहिलं असं तिने ठरवलं आणि पुढच्या आठवड्यापासून मंगळवार धरले.

दादाचं किंवा त्याच्या गटातल्या कुणाचं नाव मी इथे लिहिणार नाही. दारूतून सुटू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटांमध्ये नाव न सांगण्याची शिस्त आहे आणि ती मला पटलेली आहे. पण घडलं ते सांगायला हवं असं वाटतं, कारण आमच्यासारख्या कितीतरी घरांतून देवाशी आजही हाच व्यवहार चाललेला दिसतो. याची दारू सुटू दे, मी तुझ्यापर्यंत अनवाणी येईन, ओटी भरीन, दंडवत घालीन. व्यवहार प्रामाणिक असतो. नवस बोलणारी बाई जवळ असेल-नसेल ते सगळं पणाला लावते. तिची श्रद्धा खोटी म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. मला म्हणायचं आहे ते वेगळंच. नवसात आपण देवाला काम नेमून देतो आणि वर मुदतही घालतो. दारूच्या आजारातून बाहेर पडताना ज्या देवाचा आधार टिकतो, तो काम नेमून घेणारा नसतो.

नवसाच्या पुढची पायरी शपथेची. आमचं कुळ खंडोबाचं. दादाला जेजुरीला नेलं, गडावर त्याने बेल-भंडारा उचलला. खंडोबाला मानणाऱ्यांत त्यापलीकडे शपथ नाही. पूर्वी गावकीतले तंटेसुद्धा बेल-भंडारा उचलून मिटत. हळदीने पिवळ्याधमक झालेल्या ओंजळीकडे बघत दादाने शब्द उच्चारले तेव्हा त्याचा आवाज कापत होता. त्या क्षणी तो खरं बोलत होता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. महिना काही पुरता गेला नाही.

लोक म्हणाले, याला देवाचीसुद्धा भीती उरली नाही. घडलं होतं नेमकं उलट. त्याला देवाची इतकी भीती वाटायला लागली की त्याने देव्हाऱ्याकडे बघणंच सोडलं. आमचा देव्हारा दारासमोरच्या भिंतीवर होता. दादा मान खाली घालून आत यायचा आणि तिकडे पाठ करून बसायचा. शपथ मोडलेल्या माणसाला पिण्यासाठी आणखी एक कारण मिळतं, आणि जिथे जाऊन रडावं अशी एक जागा कमी होते. शपथ घालणाऱ्या आईबापांनी, बायकांनी हे ध्यानात घ्यायला हवं. आजारी माणसाकडून आपण अशी गोष्ट वदवून घेतो जी पाळण्याची ताकदच त्या आजाराने काढून घेतलेली असते.

पुढे साताऱ्याकडच्या मामाने त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळकरी माणूस दारू-मांसाला शिवत नाही. मामाच्या गावात माळेने सुटलेली माणसं खरोखर होती, आजही आहेत. पण ती सगळी एकादशीला भजनाला बसत होती, आषाढीला दिंडीत चालत होती. त्यांच्या माळेमागे माणसं उभी होती. दादा माळ घालून एसटीने एकटाच मुंबईला आला. पिण्याआधी तो ती काढून खुंटीला अडकवायचा, सकाळी आंघोळ करून पुन्हा घालायचा. एक दिवस ती खुंटीवरच राहिली.

एक गोष्ट मी इथेच सांगून टाकते, कारण तिच्यावाचून पुढचं सगळं धोक्याचं ठरेल. लोकलच्या डब्यांत जाहिराती चिकटवलेल्या असतात, माणसाला नकळत त्याची दारू सोडवून देऊ. आमटीत मिसळायची पुडी. तिच्यात काय असतं ते देणाऱ्यालाच ठाऊक. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं. ते पुढे मोडू न देणं हे या औषधाचं काम. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, हृदय दुबळं असेल तर जीवही जाऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. चोरून दिलेली पुडी हा विषप्रयोग आहे. तितकंच धोक्याचं, रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडणं. हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन भिंतीवर साप-किडे दिसायला लागतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. हे देवावर सोडायचं काम नाही, रुग्णालयात न्यायचं काम आहे. सोडून देण्याबद्दल मी जे लिहिणार आहे ते सगळं हे काम केल्यानंतरचं.

दादाला पहिल्यांदा रुग्णालयात ठेवलं तेव्हा तिथल्या समाजसेविकेने आईला आणि मला घरच्यांसाठी असलेल्या गटाचा पत्ता दिला. अल-अ‍ॅनॉन. परळच्या एका म्युनिसिपल शाळेत, लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर बसून बायका बोलत होत्या. नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल थोडं आणि स्वतःबद्दल जास्त. आईला ते विचित्र वाटलं. तिला उपाय हवा होता. तिची पाळी आली तेव्हा तिने केलेली सगळी व्रतं सांगितली, ओळीने, हिशेब दिल्यासारखी. कुणी मध्ये बोललं नाही. मीटिंग संपल्यावर चहाच्या वेळी एक वयस्कर काकू तिच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांचे यजमान पीतपीतच गेले होते. त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, देवाला मुदत किती दिलीय तुम्ही?"

आई भडकली. परतताना रस्त्यात मला म्हणाली, "जिचा नवरा वाचला नाही ती मला शहाणपण शिकवणार?" पण पुढच्या आठवड्यात मीटिंगच्या दिवशी वेळेआधीच साडी बदलून तयार होऊन बसली. कारण तिने सांगितलं नाही. मला वाटतं, त्या काकूंच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा तिच्या मनातून जात नव्हता. सगळं गमावलेल्या बाईपाशी तो कुठून आला, हे तिला बघायचं होतं.

या गटांचा उगम कसा झाला ते मी पुढे वाचलं, आणि त्या कथेत मला सर्वांत मोलाचं वाटलं ते अपयश. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा माणूस. डिसेंबर 1934 मध्ये रुग्णालयात असताना त्याची दारू सुटली. पुढचे काही महिने त्याने दिसेल त्या दारुड्याला गाठून सुधारायचा प्रयत्न केला. एकही सुधारला नाही. निराश होऊन त्याने हे पत्नीजवळ, लोइसजवळ बोलून दाखवलं, तेव्हा तिने त्याला दाखवून दिलं की एक माणूस सुधारलेला आहे, तो म्हणजे तू. मे 1935 मध्ये ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात त्याचा एक व्यवहार फसला. हॉटेलात तो एकटा, बाजूलाच बार. प्यायची ओढ उसळली तेव्हा त्याने तिथल्या टेलिफोनवरून चर्चच्या लोकांना फोन लावायला सुरुवात केली. मला एखादा दारुडा गाठून द्या, त्याच्याशी बोललो नाही तर माझा निभाव लागणार नाही. त्यातून डॉ. रॉबर्ट स्मिथ नावाचे शल्यविशारद भेटले. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर सहा तास बसले. आणि महिना व्हायच्या आत एका वैद्यकीय परिषदेला गेले असताना पुन्हा प्यायले. त्यांचा शेवटचा प्याला 10 जून 1935 चा. तीच तारीख अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची स्थापना म्हणून धरली जाते.

जगभर पसरलेल्या या चळवळीचा दुसरा सभासद सुरुवातीलाच पुन्हा प्यायला होता! बिल फळ मोजत बसला असता तर त्याने तिथूनच न्यूयॉर्कची गाडी धरली असती. पण अ‍ॅक्रनला त्याने फोन फिरवला तो कुणाचा उद्धार करण्यासाठी नव्हता, आपला त्या दिवसापुरता जीव वाचवण्यासाठी होता. म्हणून डॉक्टर घसरले तरी त्याचं काम वाया गेलं असं त्याला वाटलं नाही.

लोइसची बाजू मात्र मला जास्त जवळची वाटते. लग्नानंतरची सोळा-सतरा वर्षं तिने नवऱ्याला दारूपासून सोडवण्यात घालवली. शेवटी तो सुटला तो दुसऱ्यांमुळे, आणि रोज त्यांच्याच मीटिंगांना जायला लागला. एकदा तिने संतापून त्याच्या दिशेने बूट भिरकावला आणि त्या मीटिंगांना शिव्या घातल्या. मागितलेलं मिळालं होतं, पण आपल्या हातून मिळालं नव्हतं. या रागाकडे ती थांबून बघू शकली, आणि 1951 मध्ये अशा घरच्या माणसांचे विखुरलेले गट एकत्र बांधून अल-अ‍ॅनॉन उभं राहिलं त्यात ती पुढे होती. मी ही बुटाची हकिगत आईला सांगितली तेव्हा ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मला कळतंय तिचं."

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमधली तिसरी पायरी आपली इच्छा आणि आयुष्य परमेश्वराच्या हाती सोपवण्याची. ती लिहिली जात असताना त्या पहिल्या मंडळींत मोठा वाद झाला होता. जिम बर्वेलसारखे नास्तिक सभासद देवाचं नाव नको म्हणत होते. शेवटी ज्याला जसा उमजेल तसा देव, अशी वाट काढली गेली आणि 1939 च्या त्यांच्या पुस्तकात ती तशीच छापली गेली. ही वाट किती रुंद आहे ते मी परळमध्येच पाहिलं. दादाच्या गटात लाल बावट्याचे एक जुने गिरणी कामगार होते. आयुष्यात कधी देवळाची पायरी चढले नाहीत, संपात आणि दारूत सगळं गेलं. प्रार्थनेच्या वेळी ते हात जोडत नसत, नुसते उभे राहत. दादाने त्यांना विचारलं होतं, तुम्ही स्वाधीन कुणाच्या होता? ते म्हणाले, "या खोलीच्या. मी एकटा होतो तेव्हा रोज हरलो. इथे वीस जण बसतात, ती ताकद माझ्याहून मोठी आहे, एवढं मला दिसतं. न दिसणाऱ्याची मला गरज नाही." ते दारूवाचून जगले आणि दारूवाचूनच गेले. देव मानणाऱ्या कितीतरी जणांहून त्यांचं स्वाधीन होणं मला अधिक पूर्ण वाटतं.

आईची वाट वेगळी होती आणि ती तिच्या माहेरातून आली. माझे आजोबा वारकरी. खटाव तालुक्यातलं गाव, कोरडवाहू जमीन, आषाढी-कार्तिकी न चुकता. घरातल्या बायकांना ते बजावून सांगत, विठोबाला नवस बोलायचा नाही. ही शिस्त वारकऱ्यांत जुनी आहे. नवसाने मुलं होतात या समजुतीवर तुकाराम महाराजांनी कोरडे ओढले त्याला साडेतीन शतकांहून अधिक काळ लोटला. पंढरीच्या देवाची कथाही तशीच. पुंडलिक आईबापांच्या सेवेत बसलेला असताना देव दारात आला. पुंडलिकाने वीट पुढे सारली, यावर थांब म्हणाला आणि हातातलं काम सोडलं नाही. काम संपल्यावर त्याने धन मागितलं नाही, आईबापांचं आयुष्य वाढवून मागितलं नाही. तू इथेच राहा, एवढंच मागितलं. तो देव कमरेवर हात ठेवून उभा आहे. त्याच्या हातात शस्त्र उगारलेलं नाही, वर देण्यासाठी उंचावलेला तळवाही नाही. तो आहे, आणि जात नाही.

लहानपणी ऐकलेलं हे सगळं आईला शहरातल्या धावपळीत आणि दादाच्या काळजीत विसरल्यासारखं झालं होतं. काही महिने मीटिंगांना गेल्यावर एका रात्री परळच्या पुलावर ती थांबून म्हणाली, "बाबा सांगायचे ते हेच की गं." त्यानंतर तिने नवे उपास धरले नाहीत. जुने फेडायचे होते ते फेडले, कारण बोललेलं पाळायचं हा तिचा स्वभाव. सकाळी दिवा लावताना ती एवढंच म्हणायची, "आजच्या दिवस त्याला तू बघ. माझं मी बघते."

या एका वाक्यात किती काम होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. दादा कामावर गेला नाही की त्याच्या छापखान्यात ताप आल्याचा निरोप द्यायचा, हे आमच्या घरात ठरून गेलेलं होतं. तो निरोप बंद झाला. गुत्त्यावरची उधारी फेडायला आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. पुढची उधारी तिने फेडली नाही. रात्री खिडकीत बसून वाट बघणं थांबलं. ताट झाकून ती झोपायची, निदान अंथरुणावर पडायची. चाळीत लोक म्हणाले, पोटच्या पोराला वाऱ्यावर सोडलं. छापखान्याने त्याला काढून टाकलं. तो चार-चार दिवस घरी यायचा नाही. त्या रात्रींत आईला झोप लागत होती असं मी म्हणणार नाही. उशाशी हात जोडून ती जागी असायची. पण उठून शोधायला जात नसे.

मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी आहे, हेही सांगते. परमेश्वरावर भरवसा म्हणजे मार खात राहणं नव्हे. त्या घरातून मुलांना घेऊन बाहेर पडणं, पोलिसांत जाणं हेही आपल्या वाट्याचं कामच आहे. आमच्या गटातल्या एका तरुण बाईला त्या काकूंनीच स्वतःबरोबर चौकीवर नेलं होतं.

आईची खाणावळ होती. गिरणगावात एकटे राहणारे कामगार दोन वेळा जेवायला येत, काहींचे डबे जात. दादाच्या दारूच्या वर्षांत ती खाणावळ कशीबशी चालली होती. भाकरी थापताना तिचे कान जिन्याकडे असत. आता ती पुन्हा पूर्ण तिथे होती. जेवायला येणाऱ्यांना फरक पहिल्या आठवड्यात कळला. मला इथे विनोबा आठवतात. त्यांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यात विनोबांनी समजावलं आहे की फळावरची नजर काढली की कर्म ढिलं पडत नाही. उलट फळाच्या चिंतनात जाणारा वेळ आणि जीव कर्माला मिळतो आणि ते अधिक चांगलं होतं. ऐकणारे कैदी होते. सुटकेची तारीख आपल्या हातात नसलेल्या माणसांपुढे फलत्यागाबद्दल बोलणं याला वजन आहे. सुखवस्तू घरात ऐकवल्या जाणाऱ्या त्याच उपदेशात मला ते कधी जाणवलं नाही. दादाच्या दारूच्या दिवसांत कितीतरी जणांनी आईला निष्काम कर्म सांगितलं होतं. तिला ते कळलं ते स्वतःच्या भाकऱ्या सुधारल्या तेव्हा. माझंही एक अडलेलं काम त्या वर्षी झालं. भावाची दारू सुटल्यावरच लग्न करायचं असं मी ठरवून बसले होते. ते मी करून टाकलं.

आता मला सर्वांत अवघड वाटणाऱ्या मुद्द्याकडे येते. आपण सोडून दिलं की तो सुधारतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गटात नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणी हेच ऐकून येतात, आणि मनातल्या मनात सोडून देण्याचाच नवस बोलतात. मी आता काही बोलत नाही, शोधत नाही, बघ आता तरी सुटेल. महिन्याभराने त्या विचारतात, अजून का नाही सुटली? हीसुद्धा मुदतच. काही जण सुधारतात. काही सुधारून घसरतात, पुन्हा येतात. काही जातात. दादाच्या गटातला एक अतिशय गुणी, गोड गळ्याचा मुलगा बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर एका पावसाळ्यात प्यायला आणि परत आला नाही. त्याच्या आईला कुणी म्हणालं, देवाची इच्छा. मला ते सहन होत नाही. तिचा मुलगा मरावा अशी इच्छा असलेल्या देवावर मी भरवसा ठेवणार नाही. यकृत निकामी होण्याला कारणं असतात, आणि ती शरीराच्या नियमांनी चालतात.

मग भरवसा कशावर ठेवायचा? मला जे दिसलं ते असं. त्या मुलाची आई पुढच्याच आठवड्यात मीटिंगला आली. बोलली नाही, बसून राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना बायका होत्या. त्या काकूंनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत तिच्यापाशी उभ्या राहिल्या. वाईटातलं वाईट घडल्यावरही कुणीतरी शेजारी थांबतं आणि आजचं काम करण्यापुरतं बळ मिळतं, हा माझा भरवसा. वाईट घडणारच नाही, असं तो सांगत नाही. काकूंच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा तिथून आलेला होता, हे आईला आणि मला तोपर्यंत कळून चुकलं होतं.

उपचार करणाऱ्यांच्याही हातात फळ नसतंच. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञ. घरातल्या बाईलाही आधार लागतो हे तिथे ओळखलं गेलं, पत्नींसाठी सहचरी गट चालू लागला. व्यसनातून सुटलेले रुग्णच पुढे तिथे कार्यकर्ते म्हणून उभे राहिले. डॉ. अनितांना कर्करोग झाला. आजारपणातही त्या हे काम करत राहिल्या आणि 1997 मध्ये गेल्या. काम चालू आहे.

दादा एका सकाळी स्वतः घरी आला आणि आईला म्हणाला, मला दवाखान्यात ने. का त्याच दिवशी, ते त्यालाही सांगता येत नाही. आईने डबे शेजारणीवर सोपवले आणि त्याला नेलं. त्यानंतरही तो घसरला. पुन्हा उभा राहिला. पुढे एका लहान छापखान्यात लागला. संध्याकाळी मीटिंग, नव्या माणसाला रुग्णालयात जाऊन भेटणं, हे त्याचं ठरलेलं असतं. कायमची सोडली असं तो म्हणत नाही. विचारलं तर फक्त आजचा दिवस म्हणतो, आणि कुणी बेल-भंडाऱ्याचा विषय काढला तर गप्प राहतो. देव्हाऱ्याकडे पाठ करून आता बसत नाही.

काही वर्षांनी आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळत यायचं. दादा कासावीस झाला. एका संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसून म्हणाला, "आई, तू बरी झालीस की मी पंढरपूरपर्यंत चालत..." तिने डावा हात वर करून त्याला थांबवलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागला. "नवस नको," म्हणाली. "गोळ्यांच्या वेळा... सांभाळ." त्याने शेवटपर्यंत त्या वेळा सांभाळल्या. फिजिओथेरपीचे व्यायाम रोज करून घेतले. ती चालू शकली नाही, आणि पुढच्या वर्षी गेली.

तुमच्या घरात कुणी पीत असेल तर त्याला शपथ घालू नका, पुडी देऊ नका. डॉक्टरांकडे न्या, आणि तो येत नसेल तर निदान तुम्ही जवळच्या अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जा. तिथे फी नसते, नाव विचारत नाहीत, आणि पहिल्या दिवशी काही बोलावंच लागतं असंही नाही.